धैर्य सात, संयम आठ

“धैर्य किती ठेवायचं, सर?” मी विचारलं.

“सात ठेवा,” कुलथे सर म्हणाले. “दहा नको. दहा म्हणजे उतावळेपणा होतो.”

“आणि संयम?”

सरांनी मामांकडे पाहिलं. मामा बशीत चहा ओतत होते. “आकडा मी सांगणार नाही,” ते म्हणाले. “शील आकड्यात मावत नसतं.”

“मामा, कॉम्प्युटरला आकडाच लागतो. मॅडम, आठ टाका.”

मी आठ टाकले. डिग्री घेताना प्रोफेसरांनी बरंच काही शिकवलं होतं, पण द्राक्षबागेच्या सॉफ्टवेअरमध्ये संयम किती टाकायचा हे काही सिलॅबसमध्ये नव्हतं.

ही दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आमचं ऑफिस नाशिकला द्वारका चौकाजवळ, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. दिवसभर ट्रकचे हॉर्न आणि रबराचा वास. मालक कुलथे सर, प्रोग्रॅमर मी. कारखान्यांना पगारपत्रकं आणि स्टोअरचा स्टॉक यांची सॉफ्टवेअर करून द्यायची, हे आमचं पोट. मामा म्हणजे सरांचे सख्खे मामा. कॉलेजात तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवून रिटायर झालेले. घरी ऐकणारं कोणी उरलं नाही म्हणून रोज अकराला आमच्याकडे यायचे. माणूस विद्वान, त्याबद्दल वाद नाही. पण मला डेडलाईन होती आणि त्यांना नव्हती.

त्या वर्षी सायखेड्याकडच्या द्राक्ष बागाईतदारांचा एक गट आमच्याकडे आला. कोणत्या दिवशी कोणतं औषध किती मारायचं हे सांगणारा प्रोग्रॅम त्यांना हवा होता. याला एक्स्पर्ट सिस्टीम म्हणतात. तेव्हाची आर्टिफिशियल इंटेलिजन्स ती हीच. एखाद्या जाणत्या माणसासमोर वही घेऊन बसायचं, त्याच्या डोक्यातलं ‘असं असेल तर तसं कर’ या पद्धतीने एकेक नियम करून लिहून घ्यायचं आणि ते कॉम्प्युटरला शिकवायचं. ऐकायला सोपं आहे. ज्याने हे सोपं म्हटलं त्याला मी एकदा आण्णांसमोर वही घेऊन बसवणार आहे.

रंगनाथ आण्णा हे गटातले सगळ्यात जुने बागाईतदार. गावातल्या कुठल्याही बागेत काही झालं की आधी आण्णांना बोलावणं जायचं.

“आण्णा, पाऊस थांबल्यावर पान किती तास ओलं राहिलं तर फवारायचं?”

“ते बागेवर हाय.”

“म्हणजे कशावर?”

“नदीच्या अंगाला बाग आसंल तर तिथं सकाळी धुई बसती. वरच्या अंगाला नाय बसत.”

“मग धुक्यासाठी नदीपासून किती अंतर धरायचं?”

“आंतर नाय वो मॅडम. धुई बसती का नाय ते बघायचं.”

“कोण बघणार? कॉम्प्युटर टेबलावर असतो.”

आण्णा विचार करून म्हणाले, “मंग आवघड हाय.”

असे आठ दिवस गेले. एकाही प्रश्नाला माणूस आकड्यात उत्तर देईना. दुसरे एक्स्पर्ट खैरनार, मूळचे सटाण्याचे, शेतीचे पदवीधर आणि गटाचे पगारी सल्लागार. ते मात्र देवमाणूस. चोवीस तासांच्या आत, दोन ग्रॅम लिटरला, असं तोंडावर उत्तर. त्यांचे सगळे नियम मी एका दुपारी लिहून काढले.

मग दोघांचे नियम एकत्र केले आणि घोळ सुरू झाला. एक नियम घातला की जुने तीन भांडायला लागत. ते तीन मिटवले की आणखी चार. खैरनार म्हणत, फुलोऱ्यात पाऊस झाला की लगेच मारा, नाहीतर डाऊनी येते. डाऊनी म्हणजे बुरशीचा रोग. पानावर आधी तेलकट डाग दिसतात आणि तो घडावर उतरला की घड वाया जातो. आण्णा म्हणत, फूल ओलं असताना पंपाचा मारा केला तर फूल गळतं, एक सकाळ थांबा, पान उलटून बघा, मग मारा. दोघांचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर. कॉम्प्युटरने काय करायचं?

“दोघांना समोरासमोर बसवा,” मी सरांना म्हटलं. “जिथे जिथे जमत नाही ते त्यांनीच ठरवू दे. आठवडाभराचं काम आहे.”

“आठवडा कुठून आणू? छाटणी झाली सुद्धा.”

आणि इथे मामांनी बशी खाली ठेवली.

“मुळात तुम्ही नियमांच्या मागे लागलात हेच चुकलं,” ते म्हणाले. “बागेची गुंतागुंत तुमच्या नियमांपेक्षा कायम एक पाऊल पुढे राहणार. जुन्या ग्रीकांनी हे ओळखलं होतं. ते म्हणत, चांगलं वागणं म्हणजे नियमांची यादी पाळणं नव्हे. आधी माणूस चांगला घडवा. शहाणपण, धैर्य, संयम, न्याय हे गुण सवयीने अंगात मुरू द्या, मग अडचणीच्या वेळी काय करायचं ते त्याचं त्याला दिसतं. प्रत्येक गुण हा दोन टोकांच्या मधे असतो. एकीकडे भित्रेपणा, दुसरीकडे उतावळेपणा, मधे धैर्य. सुवर्णमध्य.”

मी मान डोलावली, कारण मला कामाला लागायचं होतं. पण सरांचे डोळे चमकले. सरांचे डोळे चमकले की माझं काम वाढतं, हा माझा अनुभव होता. दोन दिवसांत ब्रोशर छापून आलं. ‘प्राचीन ग्रीक सद्गुणांवर आधारित भारतातील पहिली कृत्रिम बुद्धिमत्ता’. खाली द्राक्षाचा घड आणि एक पांढरा पुतळा, तोही कुणाचा होता देव जाणे.

“आता हे प्रोग्रॅममध्ये घाला,” सर म्हणाले.

“काय घालू?”

“सद्गुण. स्क्रीनवर दिसले पाहिजेत.”

म्हणून स्क्रीनवर चार पट्ट्या आल्या. धैर्य सात, संयम आठ, बाकीचे दोन सरांच्या मर्जीने. त्या पट्ट्यांना आत कशाशीच जोडलं नव्हतं, हे आज कबूल करायला हरकत नाही. शोभेच्या होत्या. सुवर्णमध्य मात्र मी खरोखर जोडला. दोन नियम भांडले की दोघांचे आकडे मिळवायचे आणि दोनाने भागायचे. तीन मिनिटांचं काम. आठवडाभराचं भांडण तीन मिनिटांत मिटलं म्हणून मी स्वतःवर खूश होते. मामांना विचारलं नाही. विचारलं असतं तर ते तासभर बोलले असते, एवढंच तेव्हा मनात होतं.

नोव्हेंबरात गटाच्या सायखेड्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसला. पाच बागा ट्रायलसाठी निवडल्या. सरांनी अट घातली की या पाच जणांनी हंगामभर फक्त कॉम्प्युटरला विचारायचं. आण्णा आणि खैरनार यांनी त्यांना एक शब्द सांगायचा नाही. नाहीतर टेस्ट खरी होणार नाही. खैरनारांनी खांदे उडवले. आण्णा म्हणाले, “बरं. दिला शब्द.”

त्या गावात आण्णांचा शब्द म्हणजे काय, हे आम्हाला द्वारकेवर बसून कळणार नव्हतं.

पाच जणांत एक मंदाताई होत्या. नवरा द्वारकेवरच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कामाला, सकाळच्या एस्टीने जायचा. एक एकर बाग मंदाताई स्वतः बघायच्या. सासऱ्यांना ते पसंत नव्हतं. या वर्षी माल एक्स्पोर्टच्या यादीत गेला तर ठीक, नाहीतर बाग धाकट्या दिराच्या हाती द्यायची, असं त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं. मंदाताईंनी हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं. माउस हातात धरायला शिकता शिकता, अगदी सहज.

“चुकायचं नाय ना मॅडम हे?” त्यांनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. किती पटकन म्हटलं ते अजून आठवतं.

नोव्हेंबरच्या शेवटी अवकाळी पाऊस झाला. दीड दिवस पडला. पाचांत एकट्या मंदाताईंचीच बाग ऐन फुलोऱ्यात. पाऊस उघडल्याबरोबर त्या गटाच्या ऑफिसात गेल्या आणि स्क्रीनवरचे चौदा प्रश्न एकटीने भरले. आत माझे नियम भांडले. खैरनारांचा नियम म्हणाला, आजच दोन ग्रॅम. आण्णांचा नियम म्हणाला, आज शून्य, उद्या बघू. मग माझा सुवर्णमध्य धावून आला आणि स्क्रीनवर अक्षरं उमटली: आज एक ग्रॅम.

आज पुरं मारा असं एक शहाणा माणूस म्हणत होता. उद्या पुरं मारा असं दुसरा शहाणा माणूस म्हणत होता. आज अर्धं मारा असं जगात कुणीही म्हटलं नव्हतं. ते फक्त माझ्या कॉम्प्युटरने म्हटलं.

अर्ध्या डोसाने बुरशी मेली नाही आणि पंपाच्या माऱ्याने फूल गळलं. दोन्हीकडचं नुकसान एका फवारणीत. वर औषध मारलंय म्हणून बाई निर्धास्त राहिल्या. सहाव्या दिवशी खैरनारांचा फोन आला. नेहमी आकड्यात बोलणारा माणूस, पण या वेळी आकडा सांगत नव्हता.

“मॅडम, येऊन बघा तुम्ही,” एवढंच म्हणाले.

मी आधी प्रिंटआऊट काढला. कॉम्प्युटरला कुणी काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, याची नोंद आत राहते. तिला लॉग म्हणतात. मंदाताईंचं काही भरायचं चुकलं असेल अशी मला आशा होती. हे लिहायला लाज वाटते, पण होती. चौदाच्या चौदा उत्तरं बरोबर होती. खाली एक ओळ होती: मध्य एक. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिले. खाली चौकात कोणीतरी ट्रकचा हॉर्न दाबून धरला होता आणि मला उठून त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटत होती.

सरांना कागद दाखवला. ते म्हणाले, “हे पाहा, तिथे डेटा एंट्री एरर म्हणायचं. बाई नवीन आहे, प्रश्न भरताना चुकली. पाऊस पण झालाच होता.”

“बाई चुकली नाही, सर. मी चुकले.”

“तुम्ही चुकलात म्हणजे कंपनी चुकली. आणखी दोन गट ब्रोशर घेऊन गेलेत.”

“आणि तिची बाग?”

“तिच्या घरातलं आपण काय बघणार?”

मी काही बोलले नाही. हे मी लपवणार नाही. तशीच गाडीत बसले. मामाही बरोबर आले, त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

बाग आधी बघितली. वरून हिरवीगार होती. मंडपाखाली वाकून गेलं की घड दिसत, काळपट तपकिरी पडलेले, बोट लावलं की फुलं झडत. अर्ध्याहून जास्त बाग गेली होती. एक्स्पोर्टचं नाव काढायची सोय उरली नव्हती. मंदाताई रडत वगैरे नव्हत्या. त्या एकेक घड उलटून बघत पुढे जात होत्या, आणि ते बघणं मला जास्त जड गेलं.

अंगणात बाजा टाकल्या होत्या. सासरे, आण्णा, खैरनार आणि आम्ही तिघं. मंदाताई दाराला टेकून उभ्या. चहा आला. कुलथे सरांनी घसा साफ केला.

“झालं ते वाईट झालं. आता कसं आहे, मशीन माहितीवर चालतं. माहिती भरताना काही इकडचं तिकडं झालं तर…”

सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मंदाताईंनी मान खाली घातली. त्यांना खरंच वाटलं की आपलंच काही चुकलं असणार.

स्क्रीनवर धैर्य सात होतं. माझं किती होतं ते मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं, आणि फार नव्हतं.

“माहिती बरोबर भरली होती,” मी म्हटलं आणि कागद सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांना त्यातलं काही कळणार नव्हतं, तरी दिला. “यांनी चौदा प्रश्न भरले, चौदा बरोबर. चूक माझी आहे. खैरनार आज मारा म्हणत होते, आण्णा उद्या मारा म्हणत होते. मी दोघांची सरासरी काढली.”

“सरासरी?” खैरनार म्हणाले. “माझी आणि आण्णांची?”

“हो.”

“अवो, डाकतराच्या दोन चिठ्ठ्या फाडून आर्धी आर्धी चिटकवल्यावानी झालं की,” आण्णा म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “मॅडमची चूक हाय तशी माजी बी हाय. मी त्या दिशी बांधावरनं चाललो व्हतो. मंदा फवारताना दिसली. औषिदाचं पानी फिक्कं दिसलं मला. पाय थांबले माजे. पन शब्द दिला व्हता, म्हनून तसाच पुढं गेलो. शब्द पाळला आन शहानपन इसरलो.”

मामांनी घसा खाकरला.

“हेच ते,” ते हळू आवाजात म्हणाले. “मध्य म्हणजे सरासरी नव्हेच. योग्य वेळी, योग्य जागी, योग्य माणसासाठी योग्य तेवढं, आणि ते ज्याला दिसतं तो…”

“मामा,” मी म्हटलं, “हे मला ऑक्टोबरात सांगायचं होतंत.”

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“तुम्ही तुमच्या सुवर्णमध्याचं काय झालं ते बघायला तरी कधी स्क्रीनपाशी आलात का?”

मामांनी हातातली बशी खाली ठेवली. तीस वर्षांत त्यांना विद्यार्थ्यांनी हा प्रश्न विचारला नसावा. मला बरं वाटलं नाही, पण वाईटही वाटलं नाही.

मग मंदाताई पहिल्यांदा बोलल्या. “मला बी वाटलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “एक ग्रॅम कोन सांगतं? आर्धं औषिद मारून काय उपेग, हे मला म्हाईत हाय. चार सालं बाग करतीय मी. पन कॉम्पुटर सांगतोय म्हनल्यावर मी माजं ऐकलंच नाय.”

त्या वाक्याने जी जखम झाली ती अजून बुजलेली नाही. मी त्यांची बाग घालवली हे एक. पण चार वर्षांत त्यांनी कमावलेली नजर, ती मी चार शोभेच्या पट्ट्या दाखवून त्यांच्याकडून काढून घेतली होती.

सासरे तो कागद अजून हातात धरून होते. त्यांनी तो घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला.

“म्हंजी हिला समजत व्हतं,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळलं नाही. मग सुनेकडे बघून म्हणाले, “पुढल्या साली आण्णांला इचारून करत जा.”

पुढल्या साली. मंदाताईंनी चटकन मान वर केली. दिराचं नाव निघालं नाही ते नाहीच.

परतीच्या वाटेवर सर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बोलले, आणि भरपूर बोलले. ते मी लिहीत नाही. चार पट्ट्या मी काढून टाकल्या. भागिले दोनची ओळ खोडली. आण्णा आणि खैरनारांना खरंच आठवडाभर समोरासमोर बसवलं. मामाही येऊन बसले. या वेळी ते बोलले कमी आणि विचारलं जास्त. “आण्णा, तुम्हाला हे कसं दिसतं?” असं ते दर वेळी विचारत आणि आण्णा कधी नव्हे ते सांगत. आकड्यात नाही, पण सांगत.

तरी काही नियम भांडतच राहिले. त्या ठिकाणी मी नवीन उत्तर घातलं: ‘मला कळत नाही. पान उलटून बघा. आण्णांना विचारा.’

“डोकं फिरलंय का?” सर म्हणाले. “लोक मशीन घेतात ते उत्तरासाठी. ‘कळत नाही’ म्हणणारं मशीन कोण घेईल?”

“पट्ट्या हव्यात की हे हवं, एक ठरवा, सर. दोन्हीचा मध्य मी काढून देणार नाही.”

सरांनी ब्रोशरचा गठ्ठा माळ्यावर टाकला. बाकीचे दोन गट आलेच नाहीत. सायखेड्याच्या गटाने मात्र प्रोग्रॅम ठेवला.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा आभाळ आलं. दुपारी ऑफिसात फोन वाजला. मंदाताई होत्या.

“मॅडम, तुमचं मशीन म्हनतंय, मला कळत नाय.”

“मग आण्णांना विचारा.”

“आण्णा हितंच उभे हायेत. ते बी म्हनत्यात, मला कळत नाय. पहिल्यांदाच दोगांचं जमलंय.”

“मग आता काय करणार?”

“काय करनार, बागेत जाते अन मीच बघते,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या वर्षी त्यांचा माल यादीत गेला. माझ्या नोकरीत मी हजारो ओळींचे प्रोग्रॅम लिहिले. त्यातली सगळ्यात शहाणी ओळ ‘मला कळत नाही’ ही होती. लिहायला एक मिनिट लागलं. लिहायचं सुचायला मात्र दुसऱ्या बाईची अर्धी बाग गेली.